कुणाच्या घरच्या तुम्ही?

आमच्या दवाखान्यात बाईला नाव नसायचं. आईबापांनी ठेवलेलं, सासरी बदललेलं, सगळं असायचं. पण ते फाटकाशी गळून पडायचं. तिथं एक कारकून टेबल टाकून बसलेला असे. तो बाईकडे बघायचाही नाही. तिला घेऊन आलेल्या पुरुषाला विचारायचा, "नाम?" पुरुष आपलं नाव सांगायचा आणि कारकून पर्च्यावर उर्दूत लिहायचा, जौजे अमुक, राहणार तमुक. म्हणजे अमक्याची बायको. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची पुरुषाला लाज आणि नवऱ्याचं नाव घ्यायला बाईला बंदी. लग्नात उखाण्यात घेतील तेवढंच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. बायकांचं आयुष्य कशाकशानं कमी होतं, याची मात्र कुणी यादी केलेली नाही.

हे सगळं मला कुणी सांगायला नको होतं. आम्ही बिदरच्या मैलूरचे. वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, त्यामुळे उर्दू मला घरातच आली. पंधराव्या वर्षी नवरा गेला. सासरच्यांनी परत पाठवलं तेव्हा वडिलांनी नातेवाइकांची बोलणी खाऊन मला हैदराबादला नर्सिंग शिकायला धाडलं. तिथं पहिल्याच दिवशी नवऱ्याचं नाव विचारलं. माझा नवरा तर मेलेलाच होता, त्याचं आता काय कमी व्हायचं राहिलं होतं? तरी जीभ रेटली नाही. मी ते कागदावर लिहून दाखवलं. एवढी शिकलेली, एवढी तोंडाळ मी! मग खेड्यातल्या बाईचं काय होत असेल ते मला कळायला हवं होतं. कळलं नाही, किंवा घाईत होते. चूक झाल्यावर सगळेच घाईत होते असं म्हणतात.

दवाखाना कोणत्या गावचा ते सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच वर्षं होती, आणि एका दानशूर माणसानं फक्त बायकांसाठी बांधलेला तो दवाखाना होता. बारा खाटा, एक मद्रासकडची डॉक्टरीणबाई, एक मोठी सिस्टर, आणि आम्ही तिघी नर्सा. मी सगळ्यांत नवी. तीन महिने झाले होते आणि आपल्याला सगळं येतं असं मला वाटायला लागलं होतं.

निंबर्ग्याच्या बाजूची एक मुलगी आमच्याकडे होती. मुलगीच म्हणते, एकोणीस-वीसची असेल. याआधी दोनदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिचं गेलं होतं. यावेळी सातवा लागला होता आणि थोडं थोडं रक्त दिसत होतं. डॉक्टरीणबाईनं तिला खाटेवरून हलायचं नाही म्हणून ठेवलं होतं आणि पिशवी शांत राहावी म्हणून एक पांढरं औषध चालू होतं. बाळंतपणासाठी दवाखान्यात येणारी तिच्या गावातली ती पहिलीच. लोक हसले होते म्हणे. तिचा नवरा हट्टानं बैलगाडीत घालून आळंदपर्यंत आणि पुढं मोटारीनं घेऊन आला होता. सासरा नाखुशीनं बरोबर आला, आणि एकदा आला तो हललाच नाही. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून वॉर्डच्या खिडकीखाली बाहेर कांबळं टाकून बसायचा.

मला ती आवडायची. दवाखान्याचा भात तिला गिळायचा नाही. घरून आलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ती उशाखाली लपवायची आणि मी आले की मलाही तुकडा द्यायची. खिडकीबाहेर सासरा बसलेला, त्यामुळे कुजबुजत बोलायची. एकदा अशीच चटणीचं बोट चाटत म्हणाली, "अक्का, ह्ये टिकलं न्हाई तर मामंजी दुसरी करून आणणार हाईत. पोरगीबी बघून ठिवलीय त्यांनी."

"आणि तुझा नवरा?"

"त्येनी नको म्हनायलेत. पण कवर म्हनतील?"

मी तिला मोठ्या रुबाबात सांगितलं, "मी आहे ना. तुझं मूल तुझ्या मांडीवर देऊनच पाठवते." आजही हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या आठवड्यात दवाखाना बघायला एक बडी बेगम यायची होती. दवाखान्याचं दैन्य तिला दिसू नये म्हणून चुना मारायला काढला. सगळ्या खाटा व्हरांड्यात आल्या, जिथं जागा मिळाली तिथं टाकल्या. एरवी प्रत्येक खाटेच्या डोक्याशी खिळ्याला पर्चा लटकलेला असायचा. ते सगळे पर्चे काढून औषधाच्या खोलीत एका तारेत ओवून ठेवले. खाट कुठली, पर्चा कुठला, कशाचा कशाला मेळ नव्हता. बेगमेच्या नाकाला वास येऊ नये एवढीच सगळ्यांना काळजी.

सकाळचं औषध द्यायचं काम माझं. तारेतला पर्चा बघून मी एक एक औषध मापात ओतत होते. पांढऱ्या औषधाची बाटली संपली होती, ती डॉक्टरीणबाई जिल्ह्याहून आणणार होती. करजगीकडची एक बाई आदल्या दिवशी बाळंत झाली होती. तिचं रक्त थांबत नव्हतं, म्हणून तिला अर्गट लिहिलं होतं. तपकिरी, कडू औषध. पोट रिकामं झाल्यावर पिशवी आवळून धरायला देतात. पोटुशीला ते विषच. पर्च्यावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं, तिचं कुठून असणार?

मी माप घेऊन व्हरांड्यात आले. टोकाच्या खाटेवर एक बाई भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली होती. मी पर्च्यावरचं ते नाव खणखणीत घेतलं आणि विचारलं, "यांच्या घरच्या तुम्हीच ना?"

बाई कोपरावर जरा उठली आणि तिनं पदर आणखी पुढं ओढला. मान खाली गेली. हलली का? तेव्हा मला हलल्यासारखी वाटली. आज कुणी देवासमोर उभं करून विचारलं, तर मी हो म्हणू शकणार नाही. मी माप पुढं केलं, तिनं पदराआडून हात काढून घेतलं आणि निमूट पिऊन टाकलं. मी तोंड बघितलं नाही. तोंड बघितलं असतं तर चटणीचा तुकडा देणारी मुलगी मला दिसली असती. दुपारी पुन्हा तेच माप, तीच खाट. दुसऱ्या खेपेला तर मी विचारलंसुद्धा नाही.

उन्हं कलल्यावर पलीकडच्या खाटेवरून करजगीची बाई म्हणाली, "अक्का, मला आज औषिद न्हाई दिलाव की." त्याच वेळी टोकाच्या खाटेवरून कण्हण्याचा आवाज आला. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

मी मोठ्या सिस्टरकडे धावले आणि सगळं सांगितलं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी असती तर फुटली असती. दक्खनीत हळू आवाजात म्हणाली, "हुआ सो हुआ. अब जबान नक्को खोल. तू गयी तो मैं भी गयी." मग ती कामाला लागली, आणि काम तिनं उत्तम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं तिनं केलं. मूल झालं. मुलगा होता. तळहाताएवढा. दिवा लागायच्या आत गेला.

डॉक्टरीणबाई जिल्ह्याला गेली होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आधीची दोन गेलेली तिला माहीत होती, तिसरंही गेलं, यात तिला नवल वाटलं नाही. पर्च्यावर लिहिलं, पिशवी कमजोर. तिला मराठी येत नव्हती. माझ्याकडे वळून म्हणाली, सासऱ्याला समजावून सांग, हिचं पुढंही टिकणं कठीण आहे. मोठी सिस्टर माझ्याकडेच बघत होती. मी खिडकीशी गेले आणि कांबळ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला, त्याला नीट कळेल अशा त्याच्या बोलीत सांगितलं, "अप्पा, पोरीची पिशवी कमजोर हाय. टिकायचं न्हाई." म्हातारा म्हणाला, "मला ठावंच व्हतं." बाकी कुणीही हे वाक्य मोडकंतोडकं बोललं असतं. मी चांगलं बोलले.

पुढचे दिवस कसे गेले? चांगले गेले, हेच तर सांगायचं आहे. पहिला आठवडा मी न्हाणीघरात जाऊन रडत होते. मग ते थांबलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं झालं. मी प्रत्येक औषध तीन-तीनदा बघायला लागले. पदर बाजूला करून प्रत्येक बाईचं तोंड बघायचं आणि तिचं स्वतःचं नाव तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, असा माझा नियमच झाला. बायका लाजायच्या, चिडायच्या, मी सोडायची नाही. डॉक्टरीणबाई खूश झाली. बाकीच्या दोघींना सांगायची, काम करावं तर हिच्यासारखं. मोठी सिस्टर मला म्हणाली, प्रत्येक नर्सच्या नावावर एक तरी असतंच, ज्यानं ती शहाणी होते. म्हणजे माझं शहाणपण त्या पोरीच्या पोटातून निघालं. शिकवणी कुणाच्या जिवावर झाली ते कुणी विचारत नाही.

दोन-अडीच महिन्यांनी तिचा नवरा दवाखान्याच्या फाटकाशी उभा दिसला. सरळ माझ्याकडे आला. सडसडीत, उन्हानं रापलेला माणूस. टोपी काढून हातात धरली होती. म्हणाला, "नर्सबाई, अप्पा ऐकंनात. येत्या महिन्यात दुसरी करून देयाची म्हनायलेत. मी नको म्हनायलोय. पण तुमीच सांगितलाव म्हने, टिकायचं न्हाई. खरंच टिकायचं न्हाई का वो? जरा जरी आशा असंल तर सांगा. मी अडवून धरतो."

तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य होतं. पण मोठी सिस्टर दारात उभी होती आणि मी म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना विचारून कळवते." तो मान डोलावून गेला. त्याला माझा विश्वास वाटला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आठ दिवस मी मनात ते वाक्य घोळवलं, मग दोन दिवसांची रजा टाकली. आळंदपर्यंत मोटार, पुढं एका ओळखीच्या गाडीवानाची गाडी. वाटभर मला आपला अभिमान वाटत होता, तोही सांगून टाकते. खरं बोलायला निघालेल्या माणसाला आपण फार मोठं काही करतोय असं वाटतं.

ती मागच्या परसात सुपात तूर पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं. हसली नाही. मी तिच्या समोर मातीतच बसले आणि सगळं सांगितलं. औषध दुसरीचं होतं, चूक माझी होती, तुझ्या पिशवीला काही झालेलं नाही, पुढचं टिकू शकतं. बोलताना मला रडू आलं. तिला आलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"रोजचं पांढरं व्हतं. ते तपकिरी व्हतं. अन् तुमी नावबी दुसऱ्याच बाप्याचं घेतलाव."

"मग नाही म्हणायचंस! गप्प का बसलीस?"

माझा आवाज चढला होता. बघा, चूक माझी, आणि आवाजही माझाच चढलेला. तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मामंजी व्हरांड्याच्या कडंलाच, खिडकीखाली बसल्याले. न्हाई म्हटलं असतं तर तुमी इचारलं असतात, मग कुनाच्या घरच्या तुमी? काय सांगू? त्यांच्या कानावर नवऱ्याचं नाव घेऊ? म्हटलं, औषिद ते औषिद. दवाखान्यातलं वाईट कशाला असंल." मग म्हणाली, "दोन-अडीच महिनं झालं, मला वाटायलंय मीच मारलं त्येला."

मी तिचे हात धरले. म्हणाले, नाही गं, तुझा काही दोष नाही. तिनं हात सोडवून घेतले. पदर खोचला आणि उभी राहिली. "मग भायेर चला. मला सांगून काय उपेग? ओसरीवर सगळी हाईत. त्येंला सांगा. येवढं केलाव तर माझं घर राहील."

ओसरीवर सासरा होता, सासू होती, आणि खांबाला टेकून तिचा नवरा. मला बघून तो ताठ बसला. सासऱ्यानं नर्सबाई म्हणून मान दिला, घोंगडी अंथरली, चहा ठेवायला सांगितला. ती आतल्या दारामागे उभी राहिली. तिच्या हिरव्या चुड्याचा हात तेवढा चौकटीवर दिसत होता.

मी सांगितलं. खोटं बोलले नाही. म्हणाले, दवाखान्यात चुकीचं औषध दिलं गेलं, म्हणून मूल गेलं. हिची पिशवी चांगली आहे. तिचा नवरा बापाकडे बघून म्हणाला, "ऐकलाव का अप्पा?" त्याच्या आवाजात केवढा आनंद होता. क्षणभर सगळं जमलं होतं.

सासरा मात्र कचेरी बघितलेला माणूस. शांतपणे म्हणाला, "चुकीचं औषिद दिलं गेलं. दिलं कुनी?"

"मी."

"तुमी शिकल्याली बाई. न इचारता दिलाव?"

आता इथं गप्प बसायचं होतं. हो, न विचारता दिलं, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या एका खोटेपणानं काही बिघडलं नसतं. पण म्हाताऱ्यानं मला हलगर्जी ठरवलं होतं, आणि तीन-तीनदा औषध बघणारी, डॉक्टरीणबाईची लाडकी नर्स ते सहन करू शकली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "विचारलं होतं अप्पा. नाव घेऊन विचारलं होतं. हिनं मान हलवली."

मला वाटलं, त्यांना कळलं नसावं. मी समजावून सांगायला गेले, की पर्च्यावर करजगीच्या माणसाचं नाव होतं, ते मी घेतलं. जितकं सांगत गेले तितकं बिघडत गेलं. सासू आतल्या दाराकडे वळली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "परक्या बाप्याची बायकू का म्हनून इचारलं, अन् तू मान हलवलीस?"

चौकटीवरचा हात आत गेला. मी म्हणत होते, तसं नाही, ती लाजली, तिला नाव घेता येत नव्हतं म्हणून. पण हे म्हणायची माझी पाळी केव्हाच होऊन गेली होती. तिचा नवरा, ज्यानं गावाचं हसू झेलून तिला माझ्या हवाली केलं होतं, त्यानं दाराकडे एकदा बघितलं. मग टोपी डोक्यावर ठेवली, वहाणा घातल्या आणि शेताकडे निघून गेला. सासरा मला म्हणाला, "बरं झालं बाई, सांगितलाव ते."

चहा आला. तिनंच आणला असावा, पण दाराआडून सासूच्या हातात दिला. मी तो प्यायले. न पिता उठणं वाईट दिसलं असतं.

महिन्याभरानं दुसरी आली, असं आळंदच्या गाडीवानाकडून कळलं. पहिलीला माहेरी पोचवली होती. सवतीबरोबर तरी राहू दिली असती, पण आता तो प्रश्न उरला नव्हता. गाडीवान म्हणाला, "तिची चाल ठीक न्हवती म्हनत्यात. दवाखान्यातल्या बाईनंच येऊन सांगितलं म्हने." त्यानं मला ओळखलं होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

पुढं तीस वर्षं मी नर्सचं काम केलं. हाताखाली किती पोरी शिकून गेल्या. चूक झाली की रडत यायच्या. मी त्यांना सांगायची, लपवू नका, लगेच सांगा. सगळे हेच सांगतात. कुणाला कधी हे सांगितलं नाही, की "चूक माझी" म्हटल्यावर तोंड मिटायचं असतं. मला ते जमलं नाही. औषध देताना माझी नजर चुकली होती, ते मी माफ करू शकते. ओसरीवर नजर चुकली नव्हती.